नुसतं साल

थडग्यावरचे दगड कोरणाऱ्याच्या दुकानात ती नंबर यायची वाट बघत बसली होती. तिच्यापुढे एक आत्या आणि तिचा भाचा होता. त्यांच्याकडचा जुना दगड तडकला होता.

"आत्या, पणजोबा तापानं गेले ना? सात मार्च, एकोणीसशे एकवीस. अगं, आदल्याच दिवशी काडेपेटीचा कारखाना जळला होता!"

"बरं, मग?"

"ते तिथलेच पहारेकरी. लोकांना वाचवताना भाजले असणार. तसंच कोरू या की."

"हळू बोल. त्यांच्या अंगावर साधा फोडही नव्हता."

"म्हणजे?"

"ते बाहेर होते. कामाची पाळी संपेपर्यंत दाराला बाहेरून कुलूप, असा मालकाचा हुकूम. आत बायका ओरडत होत्या, आणि हे उघडू का म्हणून मालकाला विचारायला धावले."

"किल्ली कुठे होती?"

"खिशात. दुसऱ्या दिवशी आढ्याला लटकले, तेव्हाही खिशातच होती."

दगडवाल्यानं विचारलं, "तारीख काय घालू?"

"नुसतं साल घाला," आत्या म्हणाली. "त्या सालचे दगड इथल्या दफनभूमीत ढिगानं आहेत. त्यांच्यात खपून जाईल."

दोघं गेली.

"बोला बाई, तुमचं काय?"

"माझ्या आजीचा दगड. तेच साल," ती म्हणाली. "पण तारीख पूर्ण घाला. सहा मार्च."