कढीची साक्ष

मालती : हळू बोलू म्हणजे? माझ्याच स्वयंपाकघरात?

वेणीमाधव : अगं, ओसरीवर पाहुणे बसलेत. धुळाप्पा पैलवान.

मालती : गड्ड्याच्या जत्रेतले? उद्या ज्यांची कुस्ती बघायला सारं सोलापूर लोटणार, ते? तुम्ही तर त्यांना गर्दीत टाचा उंचावून बघणारे.

वेणीमाधव : जेवायला आलेत. कढी आहे ना?

मालती : कढीच तर आहे, दुसरं काही नाही. पुरण घालायलाही आता वेळ नाही. निदान आधी सांगायचंत.

वेणीमाधव : पुरण राहू दे. कढीच हवी.

मालती : अहो, कानाच्या पाळ्या लाल झाल्यात तुमच्या. काय घोळ घातलात?

वेणीमाधव : कचेरीत हेडक्लार्क मला काडीपैलवान म्हणतात, हे तुला ठाऊकच आहे. परवा सगळ्यांदेखत म्हणाले, ज्याला टाक उचलवत नाही तो कुस्त्यांच्या गप्पा मारतो. माझ्या तोंडून निघून गेलं, की धुळाप्पा पैलवान आमच्या घरी येतात, माझ्या पंक्तीला बसून कढी ओरपतात.

मालती : आणि त्यांना पटलं?

वेणीमाधव : कुठलं. आज मला धरून तालमीतच नेलं. पैलवान कुस्तीच्या हौदात माती खणत होते. हेडक्लार्कांनी तोंडावर विचारलं, खरंच यांच्या घरी जेवलात का म्हणून. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पैलवानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, हाताची माती झटकली आणि म्हणाले, 'व्हय की. कढी लई झ्याक होती.' वर मला जवळ बसवून घेतलं, वैनी बऱ्या हायती का, असंही विचारलं.

मालती : वैनी बऱ्या आहेत. त्यांना फक्त कशाचा पत्ता नव्हता.

वेणीमाधव : सगळे गेल्यावर माझा हात धरून म्हणाले, चला, आज जेवायला येतो.

मालती : भाकरी किती टाकू मग? तुमच्या मापानं की त्यांच्या?

वेणीमाधव : थट्टा करू नकोस गं. जीव टांगणीला लागलाय माझा.

मालती : आणि अशा माणसाला बाहेर एकटं बसवून आलात?

वेणीमाधव : एकटे कुठले. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी तान्हा नातू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलाय, अंगी बळ यावं म्हणून.

मालती : चला, बघू तरी माझ्या कढीचे साक्षीदार.

(दोघं ओसरीवर येतात.)

धुळाप्पा : या वैनी. हे पोर घ्या अगूदर. माजी मिशी धरलीया, सोडत न्हाय.

मालती : उद्या तुमच्याशी लढणाऱ्या पैलवानाला कळू देऊ नका हं हा डाव.

धुळाप्पा : न्हाय कळू देत.

मालती : पैलवान, न चाखलेल्या कढीची साक्ष दिलीत म्हणे. आंबट निघाली तर?

धुळाप्पा : तर गिळायची की. सोताच्या तोंडानं बोललोय.

मालती : पण दिलीत कशाला? ह्यांची तुमची ओळख ना देख.

धुळाप्पा : ह्यांचं तोंड बगितलं. पाठ लागायच्या आदी गड्याचं तोंड असंच हुतं. मी बी लई येळा पडलोय, वैनी. उरावर बसलेला लोकांकडं बगून हसाया लागला की कसं वाटतं, ते मला ठावं हाय. पर उद्या मातीला हात लावून हौदात उतरायचंय. खोटं घिऊन कसं उतरू? म्हनून म्हनलं, आजच खरं करून टाकावं.

मालती : ऐकलंत? बरं, ताटं कुठं मांडू?

वेणीमाधव : पैलवानांचं इथं ओसरीवर मांड. माझं आत.

मालती : पंक्तीला म्हणाला होतात ना?

वेणीमाधव : अगं, आई परवा बार्शीहून येतेय, तिचं सोवळं तुला ठाऊकच आहे. आणि रुक्मिणीबाई समोर दारातच उभ्या आहेत. आईच्या कानावर गेल्याशिवाय राहील का?

मालती : रुक्मिणीबाईंना नातू मांडीवर चालतो. आणि कचेरीत बढाई मारताना सासूबाई आठवल्या नाहीत वाटतं तुम्हाला.

धुळाप्पा : ऱ्हाऊ द्या वैनी. आमी मेंढरं राखनारी मानसं, आमाला ओसरी बी लई झाली. म्हातारीच्या जिवाला कशापायी घोर? मी निसतं जेवलो म्हनलो हुतो. कढी पोटात गेली की माजं बोलनं खरं झालं. पंक्तीचं मी न्हाय म्हनलो.

वेणीमाधव : ते मी म्हणालो होतो.

मालती : मग?

वेणीमाधव : माझा पाट इथं आण. त्यांच्या शेजारी.

धुळाप्पा : रावसाब, उगा घरात वाद नगो.

वेणीमाधव : बसा, पैलवान. आईला मीच सांगेन. रागावेल, चार दिवस बोलणार नाही माझ्याशी. मग बोलेल.

मालती : रुक्मिणीबाई इकडंच बघतायत. दार लोटून घेऊ?

वेणीमाधव : नको, राहू दे उघडं. आधी त्यांना वाढ.