चार महिने आणि पाच दिवस

मंडळी, आज एकच प्रश्न! हावेपोटी माणूस मर्यादा ओलांडतो, त्याची शिक्षा आपल्याला ठाऊक आहे. पण मायेपोटी ओलांडली तर? माफ? – का हो आबासाहेब, मान नक्की कुठल्या बाजूला हलवलीत? बरं, राहू द्या. आधी ऐका!

मिरजेत यशवंत हुद्देदार नावाचे फोटोवाले होते. पंचवीस-तीस वर्षं झाली. जुने, फाटके फोटो कॉम्प्युटरवर घेऊन नीट करायचे. एकदा त्यांची थोरली बहीण आली, गोदाक्का. पदराखालून एक फोटो काढला. तिची शालन – सहा वर्षांची, तापात गेली. जगात फोटो हा एकच! तोही कृष्णेच्या पुरात भिजलेला, अर्धा चेहरा डागात गेलेला.

"यशा, माझे डोळे चाललेत रे. डॉक्टर म्हणाले, चार महिने. तेवढ्यात एकदा पोरीला नीट बघू दे."

बसले यशवंतराव! गाल, कपाळ, कानातलं डूल – कणाकणाने जोडत. पण यंत्र कसं? रेघ मारावी आणि पडद्यावर उमटायची वाट बघावी! जीव नुसता कासावीस.

आता बघा, यंत्राच्या आत चित्र दाखवणारं एक कार्ड असतं. त्यावर एक चिप – तिचं काम ताल धरायचं. ताल वाढला, की चित्र भराभर! किती वाढवायचा, ते बनवणाऱ्याने लिहून ठेवलेलं. पण आकडा बदलून आज्ञा दिली, की ती त्याच्याही पुढे पळते. तिथेच तर घात!

यंत्र दुरुस्त करणारा मुबारक शिकलगार म्हणाला, "साहेब, नका त्या नादाला लागू. ती चिप नाही म्हणत नसती. सांगाल तेवढं पळती. पण कार्ड तापतंय, मग काय खरं नाही बघा."

"अरे, थोडंसंच!"

थोडंसंच! मंडळी, हा शब्द कुणाच्या घरात नाही?

आकडा वाढवला. रेघ झर्रकन उमटली! एका दुपारी शालनचा डावा डोळा उघडला. यशवंतरावांच्याच डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवला. आता तिच्या गालावर हिरवे ठिपके! यंत्र बंद करून चालू केलं – ठिपके गेले. एवढा उजवा डोळा होऊ दे, मग उतरवतो, म्हणाले.

"अहो, काहीतरी जळतंय!" बायको प्रमिला स्वयंपाकघरातून ओरडली.

"शेजारी असेल!"

फट्! धूर – ज्वाळा – खिडकीचा पडदा पेटला! मूळ फोटो ताडून बघायला यंत्राला टेकवून ठेवलेला. यशवंतरावांनी हात घातला. प्रमिलाने त्यांना मागे ओढलं, तेव्हा मुठीत फक्त एक कोपरा होता. त्यावर शालनच्या फ्रॉकची झालर. कॉम्प्युटरमधलं कामही कॉम्प्युटरबरोबरच गेलं.

गोदाक्का आली. पट्टी बांधलेला हात बघितला. सगळं ऐकलं.

"काम किती राहिलं होतं, यशा?"

"पाच दिवस."

मंडळी, चार महिने हातात आणि उरलेलं काम पाच दिवसांचं! तिने त्यांचा हात मांडीवर घेतला. "दुखतंय का रे?" – शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो!

दिवाळीपर्यंत तिची नजर गेली. मग यशवंतराव रोज तिच्याजवळ जाऊन बसायचे. ती विचारायची, "खळी कुठल्या गालावर होती रे?"

"डाव्या, अक्का."

असं दोन वर्षं चाललं. आणि एक दिवस तिने विचारलं – आणि यशवंतरावांना तो चेहराच आठवेना. उजव्या? डाव्या? सगळं अंधुक. मग म्हणाले, "डाव्या, अक्का."

ती हसली. ते उठून बाहेर गेले.

माया खोटी नव्हती, मंडळी! पण आगीने विचारलं नाही, तू कुणासाठी करत होतास. तुमच्याही हाताखाली कुणीतरी असेल, ज्याला नाही म्हणता येत नाही – बैल असेल, सून असेल, नाहीतर तुमचंच काळीज. उद्या त्याला जास्त पळवाल, तेव्हा विचारा: ज्याच्यासाठी पळवतोय, घाई त्याला आहे, की मला? मला उत्तर नका देऊ. डोळे मिटा, आत देव बसलाय त्याला द्या – आणि मगच त्याचं नाव घ्या!