भिंतीत मुरलेलं तेल

बसच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंच्या पुढे एक आजी आणि संगमरवर साफ करणारा कारागीर बोलत होते.

“आजी, उद्या तुमच्या जिन्याखालची भिंत घेतो. बाकामागचा तो तेलकट डाग बराच जुना दिसतोय.”

“आमच्या ह्यांच्या डोक्याचा. रोज तिथं टेकून पेपर वाचायचे. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.”

“आणि भोवतीची चकाकी कशानं गेली?”

“लिंबानं घासायची मी.”

“अहो, लिंबू संगमरवर खातं! चकाकी जाते, डाग तसाच.”

“हे हसायचे. म्हणायचे, घास, घास, मी काही इथून हलत नाही.”

“आता जाईल. मातीचा लेप लावतो. सुकता सुकता तो आतलं तेल ओढून घेतो.”

“सगळं?”

“सगळं.”

“तेवढा डाग राहू दिला तर?”

“इमारतीच्या मालकांना भिंत एकसारखी हवीय, आजी.”

बस आली. ती मागच्या बाईंचीच होती, पण ऐकता ऐकता त्या जागच्या हलल्या नाहीत.

“सुकलेल्या लेपाचं काय करता?”

“खरवडून फेकून देतो.”

“फेकू नका हं. पुडीत बांधून मला आणून द्या.”