वॉरंट साहेबांनी खुर्ची फिरवली

मालतीवहिनी, संजय, आणि आज इथे आलेले आपण सगळे,

माझं नाव अरविंद पाटणकर. मी बँकेत आहे, इंदिरा नगरमध्ये राहतो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आभार मानायची वेळ आली की मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर जातो. पण परवा सचिवांनी विचारलं, शोकसभेत साळुंखेसाहेबांबद्दल कोण बोलेल, आणि माझाच हात वर गेला. आता उभा राहिलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या रांगेत साहेबांच्या गल्लीतले शेजारी बसले आहेत. भाईसाहब, माफ़ कीजिएगा, वॉरंट साहब के बारे में मैं मराठी में ही बोल पाऊँगा. संजय बाद में आपको समझा देगा.

आपल्यापैकी बहुतेक जण यशवंतराव साळुंखे यांना ओळखतात ते वायुसेनेतून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणून. मंडळाच्या कार्यक्रमात माइक आणि लाउडस्पीकरची जबाबदारी त्यांची. मूळचे कराडकडचे, पण शेवटची नेमणूक इकडे लखनौला झाली आणि इथेच राहिले. वायुसेनेत तीस वर्षं त्यांनी विमानांचे रेडिओ सांभाळले. निवृत्तीनंतर लोकांचे जुने रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर सांभाळले. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. एक स्कूटर आणि एक खाकी पिशवी.

मी आज आपल्यासमोर उभा आहे तो त्या माणसामुळे. हे मी कौतुकानं म्हणत नाही. झालं तसं सांगतो.

ब्याण्णव साली माझी नाशिकहून लखनौला बदली झाली. तेव्हा लोक रेकॉर्डी काढून टाकत होते. कॅसेट आली होती, सीडी येऊ घातली होती. नखासच्या रविवारच्या बाजारात जुने प्लेअर भंगारासारखे पडलेले असत. मला लहानपणापासून हौस, आणि आता पगार होता. कँटच्या छावणीतले एक म्हातारे अधिकारी लखनौ सोडून चालले होते. त्यांच्याकडून मी सगळा संच घेतला. रेकॉर्ड प्लेअर, सागवानी पेटीतला अँप्लिफायर, आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. माझी बायको नीला म्हणाली, "अहो, आता आपण बसायचं कुठे?" आम्ही दिवाण बाहेर काढला आणि संच आत घेतला.

पहिलं वर्ष मी स्वर्गात होतो. बँकेतून आलो की बुटांसकट खुर्चीत. सतार डावीकडे, तबला उजवीकडे, मधे मी.

मग कधीतरी डावी बाजू मंदावली. नेमकं सांगायचं तर बारीक आवाज गेले. तंबोऱ्याची जवारी, झांज, सतारीची चिकारीची तार. डावीकडून सगळं रजईखालून आल्यासारखं. मी सुई बदलली. चार दिवस बरं वाटलं. मग वायरी बदलल्या. पुन्हा चार दिवस. मग अँप्लिफायर उघडून जुने कंडेन्सर बदलून घेतले. मग दिल्लीहून दुसरे स्पीकर मागवले. दुकानदारांना दोष देत नाही. मी मागत गेलो, ते देत गेले. घरात मी एकच प्रश्न विचारायचो, "आता बरं वाटतं ना?" आणि नीला तेच उत्तर द्यायची, "मला पहिल्यापासून बरंच वाटत होतं."

मंडळाच्या गणपतीत मी हे रडगाणं साळुंखेसाहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "रविवारी सकाळी येतो. तोवर काही विकत घेऊ नका."

आले. पिशवी दाराशी ठेवली. मला वाटलं आता स्क्रू ड्रायव्हर काढतील. नाही. मला म्हणाले, "तुम्ही खुर्चीत बसा. उठायचं नाही. फक्त दोष कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं."

एक रेकॉर्ड लावली. मी म्हटलं, डावीकडे. त्यांनी अँप्लिफायरमागच्या, स्पीकरांकडे जाणाऱ्या दोन वायरी उलट्या लावल्या, डावीची उजवीकडे. "आता?" डावीकडेच. "म्हणजे प्लेअर आणि अँप्लिफायर निर्दोष," ते म्हणाले. मग त्या साठीच्या माणसानं ते दोन्ही जड स्पीकर स्वतः उचलून त्यांच्या जागा बदलल्या. "आता?" डावीकडेच. "म्हणजे स्पीकरही निर्दोष."

मी म्हटलं, "मग खोलीचा दोष असेल. डावीकडे खिडकी आहे, पडदा आहे."

"असू शकतं," ते म्हणाले. "उठा जरा."

आणि त्यांनी माझी खुर्ची फिरवली. पाठ स्पीकरांकडे, तोंड भिंतीकडे. मला बसवलं. तीच रेकॉर्ड, तीच जागा. "आता खिडकीच्या बाजूचा स्पीकर कसा वाटतो?"

खिडकीचा स्पीकर आता माझ्या उजव्या हाताला होता. तो स्वच्छ, लख्ख वाजत होता. आणि इतका वेळ चांगला असलेला दुसरा, तो रजईखाली गेला होता.

मंडळी, तेवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. पण मला कळून घ्यायचं नव्हतं.

त्यांनी नीलाला बसवलं. आमच्या मृणालला बसवलं. मृणाल तेव्हा नववीत होती, ती म्हणाली, "काका, दोनों सेम हैं." साहेबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. गंभीर झाले की ते कराडच्या बोलीत जायचे, हे मला नंतर कळलं. म्हणाले, "पाटणकरसाहेब, मशीन ठणठणीत हाय. मी आता त्याला हात लावनार न्हाई. तुमी डाव्या कानासाठी डॉक्टरकडं जावा."

मी काय म्हणालो असेन? त्या खुर्चीत बसून, माझ्याच घरात, वयानं वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी म्हणालो, "साळुंखेसाहेब, तुम्ही तीस वर्षं विमानांखाली काढलीत. कान तुमचे गेले असतील."

नीलानं मान खाली घातली. हे मी आज पहिल्यांदा बाहेर सांगतोय.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "गेलेत की. दोन्ही गेलेत थोडे. पण सारखे गेलेत. म्हातारपण दोन्हीकडून येतं, साहेब. एकाच बाजूनं येतं ते म्हातारपण नव्हे." पिशवी उचलली आणि निघून गेले.

मी डॉक्टरकडे गेलो नाही. कानात मळ असेल म्हटलं. लखनौची धूळ असेल. आणि गुपचूप आणखी एक सुई मागवली.

पुढच्या रविवारी स्कूटर दाराशी. "गेलात?" नाही. "बरं." चहा घेतला, गेले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. "गेलात?" सात रविवार, मंडळी. सात. नीला त्यांचा कप आधीच काढून ठेवू लागली. आठव्या आठवड्यात ते रविवारी आले नाहीत. मंगळवारी आले, थेट बँकेत. शिपाई म्हणाला, "साहब, वायुसेना वाले एक बुज़ुर्ग आए हैं. कहते हैं काम कुछ नहीं, बस बैठे हैं." मी बाहेर येऊन विचारलं, काय काम काढलंत?

"चार वाजताची वेळ घेतलीय. कानाचे डॉक्टर. तुमचं होऊ दे. मी बसतो."

आणि ते बसले. साडेअकरापासून. गिऱ्हाइकांच्या बाकावर, ताठ, मांडीवर हेल्मेट. माझ्या मॅनेजरनं दोनदा विचारलं, कोण आहेत? साडेतीनला मी हरलो. त्यांच्या मागे स्कूटरवर बसलो आणि गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी तपासणी केली, आलेख काढला. उजवा कान व्यवस्थित, डावा उतरलेला. त्यांनी डोक्याचा स्कॅन सांगितला. कानाच्या नसेवर गाठ दिसली. कर्करोगाची नव्हती, पण मेंदूच्या दिशेनं वाढत होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, लहान असताना सापडली हे तुमचं नशीब, बहुतेक लोक फार उशिरा येतात. मग त्यांनी विचारलं, "आपको शक कैसे हुआ?" मी म्हटलं, डॉक्टरसाहब, मुझे नहीं हुआ.

गाठ निघाली. डावा कान कायमचा गेला. चार महिने चेहऱ्याची एक बाजू लुळी होती, चहा ओघळायचा. ती हळूहळू सुधारली. आज आपण मला बघताय.

पण वहिनी, मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते यानंतरच्या गोष्टीसाठी.

घरी आलो. महिनाभरानं हिंमत करून संच लावला. सतार नाहीच. डावीकडे जे काही होतं ते दूर कुठेतरी, शेजाऱ्याच्या घरात वाजल्यासारखं. अर्धं गाणं ऐकायचं म्हणजे न ऐकण्यापेक्षा वाईट. मी नीलाला सांगितलं, हे सगळं काढून टाक. नखासवाल्याला बोलाव. नीलानं नखासवाल्याला बोलावलं नाही. तिनं साहेबांना बोलावलं.

ते आले. या वेळी पिशवी उघडली. अर्धा तास अँप्लिफायरमागे बसून काहीतरी सोल्डरिंगचे डाग दिले. दोन बाजूंचे आवाज एकत्र करून एकाच वायरीत आणले. एक स्पीकर माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला, थोडा समोर, कोन जुळवून ठेवला. रेकॉर्ड लावली.

सतार आली. तबला आला. तंबोरा आला. सगळे एकाच दारातून, पण सगळे. मी रडलो. लाज नाही वाटत सांगायला.

साहेब म्हणाले, "असं बघा, जुन्या काळच्या निम्म्या रेकॉर्डी अशाच आहेत. एकच बाजू. त्या काळात कुणाला अर्धं ऐकतोय असं वाटलं का? तुम्ही त्या आधी संपवा. पुष्कळ आहेत." मग दुसरा स्पीकर उचलून त्यांनी मृणालच्या खोलीत लावला. मृणाल विचारते, "काका, मेरे लिए?" तर म्हणतात, "हो. पण मंद आवाजात. कान दोनच असतात."

त्या दिवशी दाराशी मी त्यांचा हात धरला. म्हटलं, साहेब, त्या रविवारी मी तुमच्या कानांबद्दल जे बोललो... त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाले, "काय बोललात? मला ऐकूच आलं नाही. विमानांखाली काढलीत ना तीस वर्षं." आणि स्कूटरला किक मारली.

माझ्या मनात पाच वर्षं एक प्रश्न होता. हा माणूस माझ्यासाठी इतका का झटला? माझा त्यांचा संबंध काय? परवा तेराव्याला मालतीवहिनींना विचारलं. वहिनी, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून सांगतो. वायुसेनेत त्यांच्याबरोबर एक तंत्रज्ञ होता. तरुण, हुशार. तो नेहमी हेडफोन एकाच कानाला लावायचा, उजव्या. सगळे त्याची चेष्टा करायचे. साहेबांच्या लक्षात आलं होतं की हा डाव्या कानानं ऐकतच नाही. पण त्याची नोकरी जाईल म्हणून ते गप्प राहिले. वहिनी म्हणाल्या, "तो पोरगा त्याच दुखण्यानं गेला. त्यानंतर ह्यांना कुणी एका बाजूनं कमी ऐकू येतं म्हणालं की ह्यांना चैन पडायचं नाही."

म्हणजे मी तो बाकावर बसलेला म्हातारा माणूस बघत होतो, आणि तो तिथे किती वर्षांपासून बसला होता, ते मला माहीत नव्हतं.

संजय, तुझे वडील दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. कुणाला त्रास दिला नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे. पण त्यांनी मला खूप त्रास दिला, बाळा. दर रविवारी दिला. त्या त्रासामुळे मी मृणालचा बारावीचा निकाल पाहिला. नीलाबरोबर पाच दिवाळ्या केल्या. त्यांना धन्यवाद म्हणायला गेलं की ते व्होल्टेजचं बोलायचे, स्टॅबिलायझर लावला का विचारायचे, उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की प्लेअरवर कापड टाका म्हणायचे. आज ते विषय बदलू शकत नाहीत. म्हणून आज म्हणतो. साळुंखेसाहेब, मी तुमचा ऋणी आहे. माझं सगळं घर तुमचं ऋणी आहे.

वहिनी, रविवारी सकाळी आता मी येईन. नीला पण येईल. चहा तुमच्याकडे.

आता आपण सगळे उभं राहू या. बाहेर सायकलरिक्षाची घंटी वाजेल, वरचा पंखा कुरकुरेल, कुणाला हुंदका येईल. येऊ द्या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये, फक्त जे ऐकू येईल ते नीट ऐकावं. त्यांना यापेक्षा मोठा मान देता येईल असं मला वाटत नाही.

वॉरंट साहेब, नमस्कार.