भाषेचा रकाना

थांबा, तिथं हिंदी लिहू नका. — हो, तुम्हालाच म्हणतोय. भाषेच्या रकान्यात. आई मराठी बोलते ना? मघाशी तिला 'हळू, पायरी आहे' म्हणालात, ऐकलं मी. मग मराठी लिहा. — हसू नका. 'ग्वाल्हेरात हिंदी कुणाला येत नाही?' असं मीही म्हणालो होतो, मंदाला या शुश्रूषागृहात भरती करताना. याच बाकावर.

मी कान्होजी मोरे, किला गेटचा. शिक्षण सातवी. चाळीस वर्षं ट्रक चालवला, कुणापुढं हात पसरला नाही. मंदा म्हणजे आमची मंडळी. आत तीन नंबरच्या खाटेवर आहे. विसरण्याचा रोग. तुमच्या आईचं तेच ना? — हं. मंदा साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. मग शिकली — पाटणकर बाजारात अशी घासाघीस करायची की दुकानदार हात जोडायचे. पण मागून आलेलं आधी गेलं. नातवाचं नाव गेलं, मग हिंदी गेली. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी लिहिलं हिंदी.

मागच्या थंडीत ती ओरडायला लागली. ताट फेकायची, बायांना बोचकारायची. शिखा म्हणून इथं एक बाई आहे, सांभाळते — तिचा फोन आला, 'बाबूजी, अम्मा दिन भर कल-कल करती हैं, आपको पूछती होंगी.' मी म्हटलं, बोल दो, कल आएँगे. झालं! मंदा गालाला हात लावून म्हणायची, कळ, कळ — आणि या बाया म्हणायच्या, हाँ अम्मा, कल. ती आणखी ओरडायची. मग गुंगीची गोळी सुरू केली. — आलं ना ध्यानात? कळ हो! दाढेची. आतून सडली होती. बावीस दिवस, मी येईपर्यंत.

दाढ काढली, ओरडणं गेलं. आता जेवते, उन्हात बसते, शिखाकडून वेणी घालून घेते. खाटेच्या डोक्याशी मी कागद चिकटवलाय — कळ म्हणजे दर्द, गार म्हणजे ठंडा. शिखाला 'ळ' काही जमत नाही, पण विचारते बिचारी.

चूक त्यांचीच. बाई गाल धरून ओरडते, तर तोंड उघडून बघायला नको? — काय म्हणालात? मी का नाही आलो बावीस दिवस? गुडघा धरला होता. — नाही, गुडघा नव्हता. आदल्या खेपेला तिनं चारचौघांत मला हाकललं, 'हा मेला कोण' म्हणून. राग धरून बसलो. आजारी बाईचा राग!

आणि शिखाला तरी कोणत्या तोंडानं बोलू? फोन आला त्या दिवशी तिनं तो मंदाच्या तोंडाशी धरला होता. मी ऐकलं. 'कळ येतेय हो, कळ.' स्वच्छ मराठीत. पन्नास वर्षं संसार केला, मला तिची कळ कळत नाही? — कळली. मनात म्हटलं, नाटकं आहेत. आणि मंदाला म्हणालो, उद्या येतो.

मराठीतच म्हणालो.

— पेन का ठेवलंत खाली? लिहा. आत नाव पुकारताहेत तुमचं. जा. माझ्याकडं काय बघता? जा ना!