आठ फेडर आणि भगवानरावांचा हात

बाळांनो, बोलते तसंच लिहिते आहे, म्हणजे तिकडे परदेशात वाचताना माझा आवाज ऐकू येईल. माझा जन्म साताऱ्याचा, वडील कोर्टात कारकून, पण मुलीला इंग्रजी आलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, म्हणून मी इंग्रजी शाळेत गेले, वहीला समास सोडायची, सगळं ओळीत लिहायची सवय तिथली. तुमची आई अजून चेष्टा करते, की आजी भाजीची यादीसुद्धा पट्टीनं आखते. लग्न होऊन सांगलीला आले, विश्रामबागेत दोन खोल्या, आणि तिसऱ्याच वर्षी तुमच्या आजोबांना छातीचं दुखणं लागलं, मिरजेच्या दवाखान्यात महिनोन्महिने खाट. तुमची आई कडेवर. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, तेव्हा मी कुपवाडला नोकरी धरली.

कारखाना कसला, काय सांगू तुम्हाला, पत्र्याची शेड, त्यात लाउडस्पीकरचं सामान बनायचं. मालक, सहा माणसं आणि मी. माझं काम परदेशी कागद वाचून त्यावरून कुठली तार कुठं जोडायची त्याची स्वच्छ आकृती काढायची आणि वायरमनच्या हातात द्यायची. वायरमन म्हणजे भगवानराव, पलूसकडचे, पलटणीत पंधरा वर्षं वायरलेसवर काढलेली, शिक्षण चौथी, पण तारा जोडताना वितळवलेल्या सोल्डरचा प्रत्येक थेंब एका मापाचा. मी त्यांच्याहून लहान, तरी मला ताई म्हणायचे. माझ्या आकृतीवर चहाचा डाग पडला की म्हणायचे, आता ताई मला कोर्टात उभा करनार. मला हसू यायचं, त्या दिवसांत तेवढंच.

एका नाटक मंडळीनं आठ माईकचा मिक्सर मागवला, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र घेऊन कमीजास्त करायची पेटी. प्रत्येक माईकला एक सरकती दांडी, तिला फेडर म्हणतात, वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की बंद. आमच्याकडे तोवर फिरवायची बटणंच होती, हे फेडर पहिल्यांदाच आले, सोबत एक इंग्रजी कागद. मी रात्रीचं जागरण करून दवाखान्यातून तशीच आले होते, पण आकृती नेहमीसारखी रेखीव काढली. भगवानरावांनी तीन दिवसांत आठही फेडर जोडले, माईक लावून पाहिला आणि मला हाक मारली. म्हणाले, ताई, ह्ये उलटं वाटतंय, दांडी वर केली की गप, खाली वढली की बोलतंय.

मी म्हटलं, परदेशात तशीच पद्धत असते, दांडी आपल्याकडे ओढून आवाज उघडतात. असं कुठंतरी अर्धवट वाचलं होतं. ते म्हणाले, आवं पर वापरनारी मानसं हितलीच न्हवं? परतेकाच्या दोन तारा बदलतो, तासाभराचं काम हाय. आणि मी, मालक ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, कागदात आहे तसंच राहू द्या. ते हसले, म्हणाले, ऱ्हाऊ द्या मग, विंग्रजी कागदाम्होरं आमी काय बोलावं.

पहिल्या प्रयोगाला आम्ही सगळे गेलो होतो. मंडळीच्या माणसानं मिक्सरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि शिस्तीचा माणूस तो, वीज सुरू करण्याआधी आठही दांड्या पार खाली ओढून ठेवल्या. म्हणजे आठही माईक पूर्ण उघडे. बटण दाबलं आणि स्पीकरमधून अशी किंकाळी उठली की लोक कान धरून खुर्च्यांवरून उठले, दोन्ही बाजूंचे स्पीकर फाटले, जळका वास आला, पडदा काही उघडला नाही. तो माणूस रडकुंडीला येऊन सांगत होता, मी सगळं बंदच केलं होतं हो.

मालकांनी तिथंच, लोकांसमोर विचारलं, वायरिंग कुणी केलं. भगवानराव म्हणाले, मी. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला मूळ कागद माझ्या आकृतीशी ताडून पाहायला सांगितला आणि टेबलापाशी उभे राहिले. मी वाचला. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, आकृती फेडर पालथा घातल्यावर मागून दिसतो तशी आहे. ती मी वगळली होती. समोरून दिसतं तसं समजून काढलं, म्हणून वरची तार खाली आणि खालची वर. बोट त्या ओळीवर होतं. मिरजेची खाट डोळ्यांसमोर होती, ही नोकरी गेली तर तिचे पैसे कुठून आणायचे. मी ओळीवर तळहात ठेवला आणि म्हटलं,

“कागद बरोबर आहे.”

त्याच दुपारी भगवानरावांना काढलं. कुपवाडात शेडला शेड लागून, बातमी त्यांच्याआधी पोचली, कुणी दारात उभं केलं नाही. ते गावी गेले, भावाच्या उसात राबू लागले.

चार महिने गेले. मग एका रविवारी एसटीनं पलूसला उतरून त्यांच्या गावी गेले, कागद पिशवीत. ते बांधावर बसले होते, हाताला उसाच्या पाल्यानं चिरा पडलेल्या. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ठावं हुतं ताई. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. तर म्हणाले, मालकानं तुमचं ऐकलं असतं का माजं? आणि म्हणाले, ती वळ जरा मराठीत वाचा. मी वाचली. परत वाचायला लावली. मग आपले हात उलटेसुलटे करून बघत म्हणाले,

“काम नगं मला आता. मालकाला यवढंच सांगा, माजा हात चुकला न्हवता.”

मी हो म्हटलं. सोमवारी मालकांच्या दारापर्यंत गेले, त्यांनी मान वर करून काय म्हणून विचारलं, आणि मी हातातल्या दुसऱ्याच पत्रावर सही घेऊन परत आले. मंगळवारीही तेच. मग आठवडे गेले, मग वर्षं. त्या पगारावर तुमचे आजोबा बरे होऊन घरी आले, तुमची आई शिकली, तुम्ही तिकडे गेलात.

मालक गेले, शेड पाडली. भगवानराव गेल्याचं मला वर्षभरानं कळलं. ज्याला सांगायचं तो नाही, ज्याच्यासाठी सांगायचं तोही नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. मला माफ करा असं म्हणत नाही, तो तुमचा अधिकार नव्हे. सुखी असा, आणि एवढं लक्षात ठेवा, भगवानरावांचा हात चुकला नव्हता. चुकले ती मी.