व्याहीबुवांची टाकी

—नाही हो मॅडम, त्याला फुगवटा नाही म्हणत. टाकी भरली की पोट जरा पुढे येतंच, माझं नाही येत जेवल्यावर? या, इकडून या — तिथे पाय नका देऊ, तिथली फरशी जरा... खाल्ली गेलीय. जुनं आहे ते. म्हणजे गेल्या महिन्यातलं. बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय मी इथलं. आमच्याकडे तार बनते, तिच्यावरचा गंज काढायला अ‍ॅसिड लागतं, ते या टाकीत. टाकी निवडली कशी? वाजवून! दोन बोटांनी अशी टकटक करायची, कान लावायचा. ठण्ण वाजली की घ्यायची. तुम्ही तपासणीवाले जाडी मोजता, आम्ही ऐकतो. आता वाजवून दाखवू? — नको. भरलेली असताना नकोच.

वरचं भोक ना? हवेचं आहे ते. भरताना हवा बाहेर, उपसताना आत — माहीत आहे मला, अगदीच अडाणी नाही मी. पण ऑफिसातल्या कारकूनबाईंची खिडकी बरोबर समोर. त्यांना वास आला, त्या मालकांकडे गेल्या, मालक माझ्याकडे आले, मी बूच मारलं. घट्ट! दुपारी पंप सुरू केला आणि टाकीनं पोट असं आत घेतलं, फोटोला उभं राहिल्यासारखं. आम्ही हसलो. मग तो आवाज आला — कडाड्! — मग नाही हसलो. तेव्हापासून नियम केलाय: पंप चालू करायच्या आधी बूच काढायचं. पाळतो की. आठवण राहिली तर पाळतोच.

टाकीचा कागद? आहे ना, फाईलमध्ये — हा घ्या. काय लिहिलंय? ‘फक्त पाण्यासाठी’? असेल, असेल. बारीक अक्षर आहे हो, तुमचे डोळे तरुण. पुरवठादार कोण, तेही हवं? लिहायलाच हवं का? ओळखीचे आहेत. म्हणजे नात्यातले. म्हणजे... माझ्या मुलीचे सासरे.

असं बघू नका. मुलीच्या लग्नाला सहा महिने झाले होते. त्यांच्या घरी बसलो होतो, विषय निघाला. व्याही म्हणाले, टाकी आमच्याचकडून न्या, घरचं काम आहे. मी म्हटलं, अ‍ॅसिडची टाकी वेगळी असते — ते पाण्यापेक्षा जड, भिंत जाड लागते, नळसुद्धा साधा चालत नाही... म्हणजे मला माहीत होतं — हे लिहू नका. तर ते म्हणाले, पाणी काय नि अ‍ॅसिड काय, सांडलं की दोन्ही पुसावंच लागतं! सगळे हसले. माझी मुलगी दारात उभी होती, तीही हसली, पण डोळ्यांनी मला सांगत होती — बाबा, आता पुरे. बापाला कळतं हो. टाकी घेतली.

तो स्टुलावर बसलाय ना, तो आमचा पंपवाला. टाकीला पाठ लावून बसतो, गार लागते म्हणे. रोज त्याचं स्टूल मी चार हात लांब नेऊन ठेवतो, रोज तो परत आणतो. मला विचारतो, साहेब, माझ्या स्टुलाशी काय वैर आहे तुमचं? काय सांगू त्याला? सांगितलं तर म्हणेल, मग आणलीत कशाला?

तुम्ही काय लिहिताय? ‘सुधारणा आवश्यक’? एवढंच? अहो, ते तर माझ्या प्रगतिपुस्तकातही दरवर्षी असायचं, काय झालं त्यानं? ‘नापास’ लिहा. ‘आजच रिकामी करा’ लिहा, ठळक. आणि खाली लिहा, स्टोअरकीपर भांडला, टाकीची बाजू सोडेना. म्हणजे व्याह्यांचा राग तुमच्यावर जाईल, तुमचं काय, तुम्ही उद्या दुसऱ्या कारखान्यात. पोरीला तिथंच राहायचंय हो.

थांबा — त्यांचाच फोन. शंभर वर्षं आयुष्य आहे माणसाला. — बोला व्याहीबुवा! ... हो, आल्यात, समोरच आहेत. ... अहो, मी सोडतोय होय! म्हटलं, आमच्या व्याह्यांचा माल आहे, हात लावायचं काम नाही! पण ऐकतच नाहीत, फार कडक बाई आहे — लिहा मॅडम, लिहा, थांबू नका — ... काय म्हणता? बदलून देताय? वा! ... कसली? ... अशीच? हीच? ... फुकट. हो, फुकट हे कळलं मला. ...

तिकडे बघा, पंपवाल्यानं स्टूल आणखी टाकीला चिकटवलं.

... नको, व्याहीबुवा. ... नको म्हणतोय. ... नाही, मॅडम काही बोलल्या नाहीत. मी म्हणतोय. पहिली आणली तेव्हाही मला कळत होतं. ... हॅलो? ...

ठेवला.

झालं ना तुमचं लिहून? द्या, कुठे सही करू? — आणि आता या तुम्ही, मॅडम. ए पंपवाल्या, ऊठ तिथून, लांब हो! — या ना मॅडम, खरंच या. मला मुलीला फोन करायचाय. व्याही घरी पोचायच्या आत.